ग्रेसच्या नावाचा मजकूर

माझा नवरा एलिया श्रीगोंद्यात तहसीलसमोर टायपिंग करायचा. नेहमी लागणारे मजकूर तो वर्डमध्ये छोट्या नावांनी जपून ठेवायचा. तो वारला. त्याचा कॉम्प्युटर आज विकायचाय.

त्याचं काही उरलंय का पाहायला मी वर्डमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम, मॅक्रो, लिहिला. नाव दिलं की तो जपलेला मजकूर शोधतो. उत्तरं दोनच लिहिली: आहे, नाही.

वारसनोंद?
नाही.
भाडेकरार?
नाही.

"वहिनी, कॉम्प्युटर हाय का माहेर? सुटंना तुमाला!" धाकटा दीर जॉय कॉम्प्युटर न्यायला आणलेल्या टेम्पोतून ओरडला.

"आले, भावजी."

शेवटी मी माझंच नाव दिलं.

ग्रेस?

बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर मी न लिहिलेलं तिसरं उत्तर आलं.

थांब. अजून लिहितोय.