जमुनियाचा रंग

नीरजाने बोटातली अंगठी काढली आणि वाळत घातलेल्या पापडांच्या मधोमध ठेवली. देवासचं ऊन गच्ची भाजून काढत होतं. जिन्यात सासूबाईंची चाहूल लागली तशी ती पापड उलटू लागली. चाहूल परत फिरली, तेव्हा कुठे तिने हात थांबवले.

अंगठीत जांभळा जमुनिया होता. या घराची रीतच तशी. नव्या सुनेच्या बोटात शनीसाठी जमुनिया घालायचा. खडा शनीची पीडा ओढून घेतो आणि फिका पडतो. तो फिका पडेपर्यंत सुनेने गावाची शीव ओलांडायची नाही, माहेरीसुद्धा जायचं नाही. सासूबाईंच्या, म्हणजे सरलाबाईंच्या बोटातला खडा लग्नापासून अजून तस्साच गडद होता. "माझा शनी जबर," त्या सांगत, आणि सांगताना त्यांची मान जराशी ताठ होई. त्यांचं माहेर सोनकच्छला, बसने तासाभरावर. त्यांची आई वारली तेव्हाही त्या गेल्या नव्हत्या.

आता त्याच सोनकच्छच्या एका शाळेत नीरजाला विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली होती. मुलाखत लग्नाआधीच झाली होती. जुलैत रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. नवरा सुभाष कारखान्यातून आला की ती विषय काढी, आणि तो बूट सोडता सोडता म्हणे, "आईला कोण समझवणार? थोडं थांब ना यार." थांबून थांबून तिचा जीव घुसमटला होता. सोनकच्छकडे जाणाऱ्या भोपाळ रोडवरच्या बसचा हॉर्न ऐकला तरी तिला रडू येई.

पण नीरजा होती धारची, आणि लहानपणापासून दगडवेडी. मांडूच्या घाटात, नर्मदेच्या काठाने हिंडून तिने रंगीत गारगोट्या जमवल्या होत्या. लाल, पिवळ्या, धुरकट. बिस्किटांच्या डब्यात बसून त्याही तिच्याबरोबर सासरी आल्या होत्या. जमुनिया म्हणजे तरी काय, जांभळी गारगोटीच. तिचा रंग उन्हात उडतो, हे नीरजाला पक्कं ठाऊक होतं. धारच्या घरी खिडकीत विसरलेला तिचा एक जांभळा खडा फिका पडत पडत पार पाण्यासारखा झाला होता. शनीला जमत नसेल तर सूर्य करील, शेवटी तो शनीचा बापच, असं मनाशी म्हणत ती रोज पापड, कुरडया, मिरच्या, काही ना काही घेऊन गच्चीवर जाई.

जून सरत आला. खडा होता तसाच जांभळा.

मग मात्र तिने डबा काढला. आपली एक गारगोटी जुन्या आरशावर ओढली. कर्र करून पांढरी रेघ उमटली. मग अंगठीच्या खड्याची कड ओढली. ती नुसती घसरली. जोर लावून पुन्हा ओढली, तरी आरसा कोरा. नीरजाने खडा उजेडात धरून पाहिला. गारगोटी काचेवर ओरखडा काढते, हे मुलांना शिकवायला निघालेली ती, आणि बोटात काच घालून लग्नापासून कोंडून बसली होती. काचेचा रंग तर या जन्मात उडणार नव्हता.

ती आरसा, गारगोटी आणि अंगठी घेऊन तशीच खाली गेली. सरलाबाई गहू निवडत होत्या.

"आई, हा जमुनिया नाही. काच आहे," ती म्हणाली, आणि गारगोटी आणि खडा दोन्ही तिने त्यांच्यासमोर आरशावर ओढून दाखवले.

सरलाबाईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. दोघींच्या अंगठ्या घरच्या एकाच सराफाने घडवलेल्या. त्या मोरीत गेल्या, साबण लावून लावून त्यांनी बोटात रुतलेली आपली अंगठी काढली. आरसा मांडीवर घेतला आणि खडा स्वतःच ओढला. मग पदराने आरसा पुसून, तिरपा धरून पाहिला. कुठेही रेघ नव्हती.

"आईला शेवटचं बघायचं होतं गं मला," त्या म्हणाल्या.

नीरजा इतक्या दिवसांचं भांडण मनात जुळवून आली होती. पण ते तिथेच राहिलं. तिने त्यांचा हात धरला. अंगठीच्या जागी गोरा वळ पडला होता.

सरलाबाईंनी विचारलं, "शाळेत कधी जायचंय?"

"सोमवारी."

"मी येते सोबत." गव्हाचं ताट त्यांनी बाजूला सारलं. "फक्त शीव आली की मला सांग. नवरी म्हणून आणली तेव्हा रडत होते. ती शीव कुठे आहे, मी अजून पाहिलीच नाही."