मुंबईची गोळी

नाकेदाराने बाटली उजेडाकडे धरून हलवली. आतल्या गोळ्या खुळखुळल्या.

"ये क्या है? अफीम?"

"न्हाई साहेब. औषध हाय. घरच्या मानसाचं."

इंग्रजी मुलूख मागे पडून निजामाची हद्द लागली होती. सरहद्दीच्या स्टेशनात करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, लोक डब्यात चढून सामान उघडायला लावत. बस्त्यातली लुगडी पाहून झाली होती, त्यांची जकातही भरून झाली होती. बाटली मात्र लुगड्याच्या घडीतून निघाली, म्हणून नाकेदाराला संशय आला. गोळी कशाची आहे ते सांग, नाहीतर बाटली तपासायला हैदराबादला जाईल, असं तो म्हणाला. तिथून ती कधी परत येईल याचा भरवसा नव्हता.

शिवमूर्तीने शेजारी बसलेल्या सांबप्पांकडे पाहिलं. झरीचे सांबप्पा त्याचे होणारे व्याही. त्यांच्या मुलाशी शिवमूर्तीच्या लेकीची, चन्नाची, सुपारी फुटली होती आणि दोघं मिळून मुंबईला लग्नाचा बस्ता बांधून परत येत होते. दोघंही लिंगायत, दोघांच्या कपाळावर विभूती होती. दोन्ही घरांत अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. बाटली लुगड्यात लपवली होती ती करोडगिरीपासून नव्हे, सांबप्पांपासून.

चन्ना लहान असताना तिच्या आईला, नीलम्माला, काय झालं ते कुणाला कळेना. तोंड सुजलं. आवाज पुरुषासारखा जाड झाला. विंचरताना केसांचे पुंजके हातात यायला लागले. वैशाखात ती घोंगडी पांघरून बसायची. चुलीवरचं दूध उतू जायचं आणि ती त्याकडे नुसती बघत राहायची. गंगाखेडचे वैद्य झाले, गंडेदोरे झाले. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरने सांगितलं, गळ्यातली ग्रंथी वाळून गेली आहे, रोज गोळी घ्यावी लागेल, जन्मभर. गोळी कशाची, तेही त्याने शिवमूर्तीला बाजूला घेऊन सांगितलं.

शिवमूर्तीने घरी सांगितलं, झाडाच्या मुळीची आहे.

थोड्याच दिवसांत नीलम्मा जात्यावर बसून ओव्या म्हणायला लागली. ती गोळी त्याला आपल्या मुलखात कुठे मिळाली नाही. बाटली संपत आली की दुकान बंद करून तो मुंबई गाठायचा. पाप आपल्या एकट्याच्या माथी आहे, असं समजून तो इतकी वर्षं गप्प राहिला होता.

नाकेदाराने बाटली आपल्या माणसाच्या हाती दिली.

"मेंढीची हाय," शिवमूर्ती म्हणाला. "मेंढीच्या नरड्यातली गाठ वाळवून करत्यात. अफू न्हाई साहेब."

नाकेदाराने एक गोळी नखाने फोडली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "गोश्त की बू है. अफीम नहीं. जाने दो."

बाटली परत मिळाली. शिवमूर्तीने ती या वेळी लपवली नाही.

शिवमूर्तीने शिदोरी सोडली तेव्हा सांबप्पांनी खिडकीबाहेर तोंड केलं. परभणीला उतरल्यावर मात्र ते थांबले.

"आप्पा, तुमी जीव वाचवायलाव, मला कळतंय. ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर जायची न्हाई. पर ती गोळी तुमच्या घरात ऱ्हाईली तर तुमची लेक मला आनता यायची न्हाई. माझी म्हातारी आई हाय घरात. तिला जेवू कोन घालंल? तुमचीच लेक. मी आईला फसवू कसा?"

शिवमूर्ती घरी आला तेव्हा नीलम्मा ओसरीवर गहू निवडत होती. चन्ना शेजारी गेली होती. त्याने तिथेच बसून सगळं सांगितलं. मुळी नव्हती, मेंढी होती, हेही सांगितलं.

"सोयरीक मोडली तर मोडू दे," तो म्हणाला. "चन्नाला दुसरं ठिकान बघू. तू गोळी सोडायची न्हाई."

"दुसऱ्या ठिकानी बी हीच गोळी ऱ्हाईल की," नीलम्मा म्हणाली. "आन ती कशाची हाय, मला ठावं हाय."

त्याने हातातली बाटली ओसरीवर ठेवली.

"पयल्याच दिवशी जिभंला चिकटली. वास लपतोय व्हय? पर पोरगी लय लहान व्हती. माझं तोंड बघून रडायची. म्हून गिळली." तिने गव्हातला खडा काढून अंगणात टाकला. "तवापासनं गळ्यातलं लिंग हातावर घेतलं न्हाई. रोज पूजेला बसते, पदराखाली हात धरते. हात रिकामाच आसतोय. तुमाला बी कळू दिलं न्हाई."

"अगं, सोडलीस तर पुन्हा तसंच व्हईल. जीव बी जाईल, डॉक्टर म्हनला व्हता."

"तवर लगीन तर व्हईल."

त्याने हात जोडले. चन्नाची शपथ घातली. ती गहू निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेला. नीलम्मा न्हाऊन पाटावर बसली होती. कपाळभर विभूती होती, ओले केस पाठीवर मोकळे होते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तिने डाव्या तळहातावर घेतलं होतं. वर पदर नव्हता. तिचे ओठ हलत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. तो आल्याची तिला चाहूलही लागली नाही. इतकं निवलेलं तिचं तोंड त्याने ती बरी झाल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं.

शिवमूर्ती दारातच उभा राहिला. इतकी वर्षं आपण हिला जगवत होतो, असं त्याला आजवर वाटत होतं.