भिंतीपलीकडचा दुधी

दिवस बुडाला की दुधीची फुलं उमलतात. पांढरी, पातळ, हात लावला तर फाटतील अशी. आखातातल्या मेसईदच्या त्या कंपनी-कॉलनीत घरं वाळूच्या रंगाची, भिंती वाळूच्या रंगाच्या. तिथं ही फुलं अंधारात अशी दिसत, की कुणी हातरुमाल वाळत घातले आणि उचलायला विसरलं.

अनसाबाई मांडवाखाली उभ्या होत्या. पायाशी एसीच्या नळीखालची बादली. टप, टप. सगळा वेल त्या पाण्यावर पोसलेला. वेल कसला, मिजासखोर जावई! नुसता पसरला होता. दुधी मात्र एक नाही. लव असलेली इवली फळं धरत, पिवळी पडत, गळून जात. आजचीही गळालेली फळं अनसाबाईंच्या ओंजळीत होती.

गुरुवारी त्यांचं विमान होतं. आणि गावात तर त्या सांगून आल्या होत्या, वाळूत दुधी पिकवीन, खाईन, मगच परत येईन. हे इथं कॉलनीतही सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणीतरी बोट दावलंय," त्या म्हणाल्या.

कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते झडतं. दाखवायचंच तर मुडपून दाखवावं. आल्या दिवशीच त्यांनी हे घरात बजावलं होतं.

"मी नाही हो, आई," सून सुहासिनी दारातून म्हणाली. "मी तर आता शाळेची बस दाखवतानासुद्धा बोट वाकवते."

"मग तुझ्या नवऱ्यानं दावलं असेल. इंजिनिअर झाला ना, बोटं ताठच राहायची त्याची."

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "मावशी, आहात का?"

जुलियाना. वसईची, कंपनीच्या दवाखान्यात नर्स. तिच्या सुक्या बोंबलांचा वास माझ्या वेलाला लागतो, असं अनसाबाईंनी मागं भिंतीवरूनच सुनावलं होतं. तिनं पाठवलेली केकची ताटली झाकलेली तशीच परत केली होती. तेव्हापासून बोलणं बंद.

"मावशी, तुमचा वेल आमच्यात उतरलाय."

"छाटून टाक मग."

"छाटू कसा? या तर खरं."

अनसाबाई पदर खोचून निघाल्या. लांबवर कंपनीच्या चिमणीवरची ज्वाळा हलत होती आणि तिच्याबरोबर सगळं आभाळ हलल्यासारखं वाटत होतं. जुलियानाच्या अंगणात दोरीवर तिचे पांढरे कपडे. त्यांच्यातच वेलाचे दोन शेंडे उतरलेले, तीच पांढरी फुलं घेऊन. कपडा कुठला नि फूल कुठलं, चटकन कळेना.

"तो बघा."

दुधी होता. हातभर, फिकट हिरवा, स्वस्थ लोंबकळत.

अनसाबाईंनी तो नंतर पाहिला. आधी त्यांना दिसलं जुलियानाचं बोट. मुडपलेलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आईनं. आमच्या वाडीत सरळ बोट दाखवलं की पाठीत धपाटा."

"मग माझ्याकडचेच का गळतात गं? मी काय पाप केलं?"

"इथं मधमाशी कुठंय, मावशी? ड्युटीवरून आले की मीच नराचं फूल तोडते नि मादीच्या फुलाला टेकवते. आई म्हणायची, लग्न लावून येते."

अनसाबाईंनी वेलावरचं एक फूल उलटून पाहिलं. आयुष्यभर मळा केला. फुलांची लग्नं त्यांच्या नकळत लागत आली होती.

"माझ्या वेलाचं लग्न लावलंस," त्या म्हणाल्या, "आणि मला अक्षता नाहीत?"

"तुम्ही बोलत कुठं होता!"

जुलियानानं आतून सुरी आणली. "घ्या. उद्या भाजी करा. गुरुवारी जाताय ना."

अनसाबाईंनी दुधी तळहातावर तोलला. थंड होता. कोवळा आहे का बघायला अंगठ्याचं नख सालीपर्यंत नेलं, आणि टोचलं नाही. पदराच्या काठाचा एक दोरा काढून त्यांनी तो देठाला हलकेच बांधला.

"एकुलता आहे. बियाला राहू दे. वाळून आत खडखडायला लागला की फोड. निम्म्या बिया तुला, निम्म्या माझ्या सुनेला. आणि तिलाही लग्नं लावायला शिकव. तिला नुसती बस दाखवता येते."

"पण मावशी, गावात काय सांगाल?"

"खाल्ला म्हणून सांगेन. माझ्या तोंडात कोण बघायला येतंय!" मग जरा थांबून, "तुझा तो केक असला तर आण. वास बघते."

भिंतीपलीकडं बादली उपडी घातल्याचा आवाज झाला. तिच्यावर चढलेल्या सुहासिनीचं डोकं भिंतीवर आलं.

"आई, कुठंय? मला दिसत नाही."

अंधारात दोन हात एकदमच वर गेले. दोन्ही बोटं मुडपलेली.