ग्लिसरीनशिवाय

तीस वर्षं कौटुंबिक चित्रपट आणि मुलांच्या मालिका करणाऱ्या सबनीसकाकांची ख्याती एकच होती: डोळ्यांत ग्लिसरीन न घालता ते कुठल्याही पोराला रडवत. आज मात्र खालापूरच्या सेटवर भिसेगावची सात वर्षांची इक्रा काही केल्या रडेना. आणि पाचपर्यंत हा शॉट मिळाला नाही तर मालिका दुसऱ्या दिग्दर्शकाकडे देऊ, असं चॅनेलने सकाळीच कळवलं होतं.

"तुझी अम्मी तुला इथंच सोडून घरी गेली," काकांनी हुकमी अस्त्र काढलं.

"नाय गेली. ती बघा, भजी खातेय."

"बरं, तुझी मांजर हरवली."

"मला मांजरच नाय."

शेवटी काका तिच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसले आणि जे खरं होतं तेच सांगू लागले. मुलांच्या मालिका आता कोणी बघत नाही. सख्खी नातसुद्धा आजोबांचं नाव पडद्यावर आलं की मोबाइल उचलते. ही मालिका गेली की पुढे कोणी बोलावणार नाही. सांगता सांगता अख्ख्या युनिटच्या देखत ते स्वतःच हुंदके देऊन रडले.

इक्रा डोळे विस्फारून बघत राहिली. मग हळूच पुढे सरकली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली,

"काका, हुंदक्यापर्यंत जमलं मला. तुमी नाक कसं पुसलं, तेवढं परत करून दाखवा."