लिंबाचे लाड

सासूबाई आपलं घर सोडून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा दारातलं लिंबाचं झाडही मातीच्या गोळ्यासकट खणून घेऊन आल्या. आम्ही ते मोठ्या कुंडीत लावलं आणि आठवड्याभरात त्यानं मान टाकली. मग काय, सकाळी मी पाणी घालायचे, संध्याकाळी नवरा घालायचा, मधूनच कोणीतरी खत घालायचं. तरी पानं गळतच होती.

एके दिवशी सासूबाई झारी घेऊन निघाल्या, तर मी ती हातातून काढून घेतली. "आई, तुम्ही बसा बघू. मी आहे ना!" सकाळी भाजी चिरायची सुरीही अशीच घेतली होती.

त्यांनी कुंडीत बोट खुपसलं. आत नुसता चिखल.

"लाड करकरून माराल याला तुम्ही दोघं," त्या म्हणाल्या. "सगळं जागच्या जागी मिळालं तर मुळं कशाला हातपाय हलवतील? जरा तहान लागू दे. आणि सारखं उशाशी बसून 'बरं आहे ना, बरं आहे ना' करू नका."

"बरं. तुम्हाला काही हवंय का, आई?"

त्यांनी चिखलानं माखलेलं बोट माझ्यासमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात धाडकन पातेलं पडलं. नवरा दचकून उठला. "अगं, आई एकटीच चहा करतेय! जा ना!"

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

"झोप गुपचूप. मूळ धरतंय."