बाजूचा बर्नर

बटण दाबलं की टक् असा आवाज यायचा, पण ठिणगी पडत नव्हती. मुक्ताबाईंनी पुन्हा दाबलं. टक्. तांदूळ धुऊन ठेवले होते, कुकर तयार होता, आणि शेगडीचा बाजूचा बर्नर काही केल्या पेटत नव्हता.

गंगाराम ओट्यापाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते. पावणे गावच्या कारखान्यातले ते जुने फिटर. वाशीच्या त्या बिल्डिंगमधले सगळे पंखे आणि इस्त्र्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आज मात्र एका स्क्रूशी ते नवख्या पोरासारखे चाचपडत होते.

ते बटण त्यांच्या दिलीपने बसवलेलं. गेल्या वर्षी एकदाचा गॅसचा नंबर लागला आणि पहिल्याच आठवड्यात काडी ओढताना मुक्ताबाईंचा पदर पेटला. थोडक्यात निभावलं. दिलीपने कुठून तरी ठिणगीचं बटण पैदा केलं, बाजूच्या बर्नरला जोडून दिलं आणि घरातल्या सगळ्या काडेपेट्या कचऱ्यात टाकल्या. यापुढे काडेपेटी दिसली तर बघ, असा वर आईलाच दम भरला. मुलाने आपल्याला दम भरला हे मुक्ताबाईंनी किती घरी जाऊन कौतुकाने सांगितलं असेल, त्याला गणती नाही.

तो दिलीप सोमवारपासून घरी नव्हता. घणसोलीच्या मित्राच्या होडीतून खाडीत गेला होता. होडी उलटली. मित्र चिखल तुडवत काठाला लागला. दिलीप लागला नाही.

तेव्हापासून गंगाराम रोज खाडीवर जात होते. सोबत शेजारचे बाजीराव. संध्याकाळी दोघे परत आले की मुक्ताबाई दारातच विचारायच्या, "आला का?" एकदा बाजीराव धीर द्यायला म्हणून बोलून गेले, "गावेल वहिनी, टेन्शन घेऊ नका." मुक्ताबाई त्यांच्यावर अशा उसळल्या की ते उंबऱ्यावरूनच मागे फिरले.

"गावायला तो काय हरवलेली छत्री हाय? पोरगा हाय माझा. येईल तो."

बाजीरावांची बायको नंदिनी मंगळवारी पोळी-भाजी झाकून घेऊन आली. मुक्ताबाईंनी ती दारातूनच परत केली. मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणून देतात. मग ज्या घरातली चूल पेटलेली आहे त्या घरात कुणी गेलेलं नाही. इतका साधा हिशेब होता त्यांचा. म्हणून त्या दोन्ही वेळा तिघांचा भात लावत होत्या. तो कुणाच्याच घशाखाली उतरत नव्हता, पण भांडी खरकटी होत होती. तेवढ्यावर त्यांचा जीव टिकून होता.

आणि आज नेमकं बटण बिघडलं. शेजारी जाऊन काडेपेटी मागायची तर आमची चूल विझली हे आपल्याच तोंडाने सांगायचं. ते त्यांना मेल्या तरी जमलं नसतं.

गंगाराम आज सकाळीच परत आले होते. मुक्ताबाई तेव्हा खाली नळावर पाणी भरायला गेल्या होत्या. वर येऊन बघतात तर यांची डोक्यावरून आंघोळ झालेली. चिखलाने माखले असतील, असं त्यांना वाटलं. नळावर आज सगळ्या जणी त्यांना पुढे नंबर देत होत्या, कुणी भांडली नाही, याचंही त्यांना फारसं नवल वाटलं नव्हतं.

ऊन ओट्यावर आलं तरी गंगाराम तोच स्क्रू काढत होते आणि तोच लावत होते. मुक्ताबाईंचा धीर सुटला. आख्ख्या बिल्डिंगची कामं करता, आणि माझ्या पोराने बसवलेलं एक बटण तुम्हाला जमेना, असं त्या बरंच काही बोलल्या. गंगारामांनी स्क्रूड्रायव्हर ओट्यावर ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "ऱ्हावंदे आज. शेजारनं येईल काय तरी."

मग त्यांनी नवऱ्याला बाजूला सारलं आणि शेगडी स्वतःच उचलून कलती केली. बटण जागेवर होतं. बर्नर जागेवर होता. दोघांना जोडणारी वायर तेवढी नव्हती. ती तुटली नव्हती, उंदराने कुरतडलीही नव्हती. जाणत्या हाताने स्क्रू सैल करून ती अलगद काढून घेतली होती.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. मुक्ताबाईंनी दार उघडलं. नंदिनी उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेली. तिने मान वर केली नाही. झाकलेलं पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि निघून गेली. पिठल्याचा वास घरभर पसरला.

मुक्ताबाईंनी ते पातेलं परत पाठवलं नाही. त्यांनी मागे वळून बघितलं. गंगारामांचे केस अजून ओले होते. सदऱ्याच्या खिशातून वायरीचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. बायको तिकडे बघतेय हे त्यांना कळलं, पण त्यांनी ते लपवलं नाही.

मुक्ताबाई ओट्याखाली वाकल्या आणि सिलिंडर बंद केला. धुतलेल्या तांदळावर ताटली झाकली. मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. आला का, हे त्यांनी आज विचारलं नाही.

"कुठं गावला?" त्या म्हणाल्या.