सहा फुटांचा छोटू

मनगटाच्या एक्स-रेची फिल्म डॉक्टरांनी पुन्हा उजेडासमोर धरली आणि मान हलवली.

"हाडं पार जुळून गेलीत. सतराच्या आतल्या मुलाची अशी नसतात. हा एकोणीस-वीसचा असणार."

समोरच्या खुर्चीत संघाच्या व्यवस्थापक बाई बसल्या होत्या. चार दिवसांनी संघ परदेशी निघायचा होता. सतरा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा, सोळा देशांचे संघ, आणि आपला देश पहिल्यांदाच पात्र ठरलेला. तोही ह्याच गोलरक्षकामुळे. शेवटच्या सामन्यात त्यानं दोन पेनल्टी अडवल्या होत्या.

तो दाराशी उभा होता. घरचं नाव छोटू. सहा फुटांच्या धिप्पाड पोराला छोटू म्हणताना सगळा संघ हसायचा. तोही हसायचा.

"खरं वय किती तुझं?" बाईंनी विचारलं.

"कागदावर आहे तेच."

"मग मला तुझ्या आईशी बोलावं लागेल."

तो पहिल्यांदाच गडबडला. "आईला नको. बाबांना विचारा. आईनं फार सोसलंय."

बाईंना असल्या भानगडी नव्या नव्हत्या. वय चोरणारी मुलं त्यांनी ढिगानं पाहिली होती. कुणाच्या दाखल्यावर खाडाखोड, कुणाचा दाखलाच विकतचा. त्या तडक निघाल्या आणि छोटू जिथं जन्मला त्या दवाखान्यात गेल्या.

तिथल्या कारकुनानं धूळ झटकून जुनं रजिस्टर काढलं. तारीख, वजन, आईचं नाव, नर्सची सही. त्यानं छोटूचा जन्मदाखला शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली.

"बाई, अस्सल आहे. सोळा वर्षं सात महिने. एका दिवसाचाही फरक नाही."

बाईंनी शाळेत फोन लावला. मुख्याध्यापक भरभरून बोलले. "गुणी मुलगा हो. दुसऱ्या गावाहून आला आमच्याकडे. पहिल्या दिवसापासून वर्गाच्या पुढे. शिकवायच्या आधीच सगळं यायचं त्याला."

बाईंच्या जिवात जीव आला. उगाच पोरावर संशय घेतला, असं वाटून त्या ओशाळल्याही. डॉक्टरांनीही मग फार ताणलं नाही. "शंभरात एखाद्याची हाडं लवकर जुळतात. मी तसं लिहून देतो. फक्त आईवडिलांची लेखी हमी आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई छोटूच्या घरी पोचल्या. खाली चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या. वडील यंत्रावर काच घासत होते. त्यांनी हात पुसले.

"सही मी करतो. वर कशाला त्रास घेता?"

"दोघांची लागते."

त्यांनी जिन्याकडे एक नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक विनंती आहे. तिच्यासमोर थोरल्याचा विषय काढू नका."

"थोरला?"

"दोन मुलगे होते आम्हाला. तीन वर्षांचं अंतर. एक गेला. सहा वर्षं झाली. चार दिवसांचा ताप, बस. त्यानंतर ही वर्षभर भानावर नव्हती. शेवटी ते गावच सोडलं आम्ही."

बाई जिना चढल्या.

वर छोटू संघाच्या शिबिरातून एका दिवसाच्या सुट्टीवर आला होता. आईशेजारी जमिनीवर बसून मटार सोलत होता. निम्मे दाणे तोंडात जात होते.

"बसा ना," आई म्हणाली. "तिकडे उपाशी तर राहत नाही ना हा?"

"चौघांचं एकटा जेवतो."

आई मनापासून हसली. बाईंनी हमीपत्र पुढं केलं. वडिलांनी पटकन सही केली. आईनं मात्र ते मांडीवर घेतलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. मुलाच्या नावाशी बोट थांबलं.

"तिकडे सामन्याआधी नाव पुकारतात?"

"प्रत्येकाचं. भरलेल्या मैदानात. पाठीवरही छापतात."

"हेच नाव?"

"हेच. छोटू नाही म्हणणार कुणी," बाई हसून म्हणाल्या.

आईनं पेन खाली ठेवलं.

"अगं, कर सही," वडील म्हणाले. "पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आई, कर ना." छोटूनं मटार बाजूला सारले. "एवढीच स्पर्धा. मग नाही मागणार काही."

आईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्या ओठावरच्या दाट मिशीकडे, रुंद खांद्यांकडे. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला दोघांना वाटतं, मला कळत नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून कळतंय. बरं वाटायचं, म्हणून गप्प राहिले. ह्याला ते किती महागात पडेल, त्याचा विचारच केला नाही मी."

छोटूनं मान वर केली नाही.

आईनं सही न करताच कागद बाईंच्या हातात परत दिला.

"बाई, दाखला खरा आहे. पण ज्याचा आहे, तो माझा धाकटा गेला. गेल्यावर मी दिवसभर त्याला हाका मारत बसायचे. एक दिवस ह्या थोरल्यानं ओ दिली."